हजार पानांचं फँटसी पुस्तक संपवायचं कसं आणि मग त्यावर लिहायचं कसं

मागच्या चवथीला (गणेश चतुर्थीला) मावशी घरी आली तेव्हा माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक होतं. तिने बघितल्या बघितल्या विचारलं, "अजून सोंपूंक ना गो तें?" कारण त्याच्या आदल्या चवथीलाही माझ्या हातात तेच होतं. (आमच्याकडे गोव्यात, डिचोलीत, घरात बोलणं कोंकणीतून आणि वाचणं-लिहिणं मराठीतून, त्यामुळे टोमणे कायम कोंकणीत येतात.) त्या पुस्तकाने माझे तेरा महिने खाल्ले. त्यानंतरचं, जवळपास तेवढंच जाड, सव्वादोन महिन्यांत संपलं आणि त्यावर रिव्ह्यूसुद्धा लिहून झाला. मधल्या काळात माझा वाचायचा स्पीड वाढला वगैरे अजिबात नाही, पद्धत बदलली एवढंच. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

सुरुवातीलाच एक सांगते म्हणजे पुढचं सगळं कळेल. जाड पुस्तकात खरा खर्च तासांचा असतो. पाचशे रुपये गेले तर गेले, चाळीस तास कोण परत देणार? म्हणून वाचताना हिशोब तासांचा ठेवायचा आणि रिव्ह्यू लिहितानाही पुढच्या माणसाला तोच हिशोब द्यायचा.

आधी पुस्तक चाळून घ्या, खरंच सांगते

जाड पुस्तकं फर्म्या-फर्म्यांनी बांधतात, एक फर्मा सोळा किंवा बत्तीस पानांचा. बाइंडिंगला एखादा फर्मा गळतो किंवा दोनदा लागतो, आणि दोनशे पानांच्या पुस्तकात ते पटकन दिसतं पण हजार पानांच्या ठोकळ्यात कोण बघतंय. मी ऑनलाइन मागवलेल्या एका पुस्तकात पान ४४८ नंतर थेट ४८१. अख्खा बत्तीस पानांचा फर्मा गायब. आणि मला कळलं कधी, तर दीड महिन्याने, वाचत वाचत तिथे पोचले तेव्हा, एक माणूस तळघरात शिरत होता आणि पान उलटलं तर तोच माणूस घोड्यावर. मला आधी वाटलं लेखकाची स्टाइल असेल. दोन पानं तशीच वाचली मी, काय सांगू! परत करायची मुदत तोवर कधीच संपलेली, विकणाऱ्याने हात वर केले. शेवटी ती बत्तीस पानं एका मैत्रिणीच्या कॉपीतून फोटो काढून वाचली. तेव्हापासून पार्सल आलं की पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसून फक्त पानांचे नंबर बघते.

सिरीज असेल तर अजून एक चेक करा, ती पूर्ण झालीय का. 'द व्हील ऑफ टाइम'चे मुख्य चौदा भाग १९९० ते २०१३ असे आले, मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने त्यांच्या नोट्सवरून पूर्ण केले. तिथे निदान शेवट आहे. उलट जॉर्ज मार्टिनच्या सिरीजचा ('गेम ऑफ थ्रोन्स' वाली) पाचवा भाग २०११ ला आला आणि वाचक सहाव्याची वाट बघतायत ते बघतायतच. अपूर्ण सिरीज वाचू नका असं मी म्हणत नाही, फक्त माहीत असू दे.

आपल्याकडच्या पावसाचं एक. जून ते सप्टेंबर जाड पेपरबॅक फुगतं, कव्हर वर वळतं, बंद कपाटात बुरशी धरते ती वेगळीच. रोज हाताळत असलात तर काही होत नाही, अर्धवट ठेवून दिलेल्या पुस्तकालाच बुरशी लागते. बसमधून नेताना झिपवाली प्लास्टिकची पिशवी, बास.

तास मोजा

हे कोणी करत नाही आणि यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. पहिली वीस पानं सोडून द्या (तिथे सगळ्यांचाच स्पीड कमी असतो), मग मोबाइलवर टायमर लावून दहा पानं वाचा. नेहमीसारखी वाचा, शर्यत नाही. मला इंग्लिश फँटसीची दहा पानं वाचायला साधारण वीस मिनिटं लागतात. मराठी असेल तर चौदा-पंधरा. शाळा मराठी मीडियममधून झाली की इंग्लिशला असा थोडा टोल भरावा लागतो, त्यात लाज कसली.

आता गणित. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं उदाहरण घेऊ, सगळ्यांना नाव माहीत असतं म्हणून. तिन्ही भाग मिळून साधारण पावणेपाच लाख शब्द. मिनिटाला दोनशे शब्द धरले तर जवळजवळ चाळीस तास. रोज चाळीस मिनिटं दिली तर साठ दिवस. आता हे ऐकायला किती सोपं वाटतं बघा, दोन महिने, म्हणजे शिगमो (आमची होळी) संपल्यावर सुरू केलं तर पावसाच्या आधी हातावेगळं. आणि हेच "वेळ मिळेल तसं वाचू" म्हटलं की माझ्यासारखे तेरा महिने.

माझी चाळीस मिनिटं डिचोली-पणजी बसमध्ये निघतात, सकाळी सीट मिळाली तर. उभं राहून एका हाताने दांडा आणि एका हाताने किलोभराचं पुस्तक हे जमत नाही, मनगट दुखतं, आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावर पडलं तर वेगळाच रिव्ह्यू ऐकायला मिळेल. म्हणून उभं राहायची वेळ आली तर मोबाइलवर ईबुक आणि बसले तर कागद. लायब्ररीचं पुस्तक असेल तर परत करायची तारीख त्या साठ दिवसांच्या गणितात धरा. पणजीला पाट्टोवर सेंट्रल लायब्ररी बसस्टँडपासून चालत जाण्यासारखी आहे, त्यामुळे रिन्यू करायला वेगळी फेरी पडत नाही. (ही लायब्ररी पोर्तुगीज काळातली, १८३२ ची, आणि आता नाव कृष्णदास शामा यांचं. आत गेलात की दोन तास गेलेच समजा.)

रोजची पानं नका ठरवू, मुक्काम ठरवा

"रोज वीस पानं" हा नियम मी केला आणि आठवड्यात मोडला, कारण विसावं पान नेमकं लढाईच्या मध्यात येतं, मग एक तर तुम्ही पुढे जाता नाहीतर चिडून बंद करता. उपाय मला आजीच्या गुरुचरित्राच्या पारायणात सापडला. सप्ताहाची वाटणी बघा: पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, मग एकवीस, एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि सातव्या दिवशी उरलेले. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त तीन! लहानपणी मला वाटायचं हे कसलं गणित. पण छत्तिसावा अध्याय उघडून बघा, संपता संपत नाही. ज्याने वाटणी केली त्याने अध्यायांचे आकडे बघितले नाहीत, वाचणाऱ्याचा दम बघितला.

तसंच करायचं. अनुक्रमणिका उघडा, प्रत्येक चॅप्टर किती पानांचा ते पेन्सिलने बाजूला लिहा, आणि आठवड्याचे सहा मुक्काम टाका. छोटे तीन एकत्र, मोठा एकटा. पुस्तकात आतले भाग असतील तर ते सोडू नका, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' बाहेरून तीन भागांत दिसतं, १९५४-५५ ला तसं छापलं, पण आत सहा 'पुस्तकं' आहेत, आणि दोन-तीन दिवस सुट्टी घ्यायची तर या सहा ठिकाणीच घ्यावी. दर आठवड्याला एक दिवस रिकामा ठेवा, कारण जत्रा, लग्न, लाइट जाणं, काहीतरी येणारच.

इथे एक फरक लक्षात घ्या, मला हा खूप उशिरा कळला. लांब पुस्तकं दोन जातींची असतात. काही माळेसारखी, एकेक मणी सुटा. कथासरित्सागर हा जुना संस्कृत कथासंग्रह घ्या, अठरा लंबक (भाग), एकशे चोवीस तरंग (प्रकरणं), गोष्टीतून गोष्ट निघत जाते. किंवा गौरी देशपांडेंनी मराठीत आणलेले अरेबियन नाइट्सचे सोळा खंड. इथे पंधरा दिवस गॅप पडला तरी काही बिघडत नाही, पुढचा मणी उचला. दुसरी जात दोरीसारखी, सहा-सात जणांच्या कहाण्या एकमेकींत पिळलेल्या, एक चॅप्टर याचा, पुढचा तिचा. इथे दोन दिवसांपेक्षा जास्त गॅप पडला की पीळ सुटला, मग पुन्हा मागे जावं लागतं. माझे तेरा महिने असेच गेले, दोरीवालं पुस्तक मी माळेसारखं वाचत होते. तेव्हा पहिल्या शंभर पानांत ठरवा आपल्या हातात काय आहे.

नावांची भीती

"एवढी नावं लक्षात कशी ठेवतेस?" हा मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. नाही ठेवत. ज्या माणसाने लहानपणी महाभारत ऐकलंय, ज्यात अर्जुन, पार्थ, धनंजय, सव्यसाची हा सगळा एकच माणूस, त्याने नावांना घाबरायचं कारण नाही.

पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी घ्या, तीच बुकमार्क. नाव आणि एक खूण, बस. "कोरीन = उधारी ठेवणारी". "तांबडा भटजी = खोटं बोलतो?" नातं, घराणं, राजधानी लिहायला गेलात की वंशावळ होते आणि वाचन राहतं बाजूला. चिठ्ठीवर जागा संपली की नवीन नाव लिहायला जुनं एक खोडायचं. खोडताना आपोआप कळतं कोण महत्त्वाचं. नकाशा असेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, दर वेळी पुढची पानं उलटायला नकोत.

आणि नाव विसरलात तर नेटवर शोधू नका! सर्च बॉक्समध्ये पात्राचं नाव टाकलं की खाली पहिलं सजेशन येतं ते "मृत्यू". माझं एक आवडतं पात्र असं बसमध्ये, म्हापशाच्या वाटेवर वारलं, अजून साडेचारशे पानं जगणार होतं बिचारं. शेवटची परिशिष्टंही आधी वाचू नका, त्यात बऱ्याचदा पुढचं सगळं सांगून टाकलेलं असतं.

तसंही विसरणं एवढं वाईट नाही. रात्रभराचा दशावतार बघितलाय ना? दोन वाजता डुलकी लागते, तीनला जाग येते, आणि पाच मिनिटांत कोण कोणाचा शत्रू ते कळतं, कारण करणाऱ्यांना माहीत असतं की समोरची अर्धी माणसं झोपलीयत. मोठ्या पुस्तकांचे चांगले लेखकही हे धरून चालतात, महत्त्वाची गोष्ट ते दोन-तीनदा सांगतात. एखादी गोष्ट एकदाच सांगितली आणि नंतर सगळं तिच्यावर उभं केलं, तर ती चूक तुमची नाही, रिव्ह्यूत लिहा.

अडकलात तर

अडकणार. पहिली दीडशे पानं आणि मग साठ टक्क्यांच्या आसपास, हे माझे दोन ठरलेले खड्डे. पहिल्यात जग नवीन असतं म्हणून, दुसऱ्यात प्रवास लांबतो म्हणून (फँटसीत माणसं चालतात फार हो, आणि रोज रात्री शेकोटीवर एकच स्ट्यू, कोणालाच कधी माशांचं हुमण करावंसं वाटत नाही). अशा वेळी मी चिठ्ठीच्या मागे पान नंबर आणि अडकायचं कारण लिहिते. "२३०, कंटाळा, तिसऱ्यांदा तीच सभा." मग पन्नास पानं मुदत. पन्नास पानांत सुधारलं तर पुढे, नाहीतर सोडून द्यायचं, चक्क. सोडलेल्या पुस्तकावरही लिहिता येतं, फक्त कुठपर्यंत वाचलं ते पहिल्या वाक्यात सांगा.

फँटसीत बघायचं काय

फँटसी म्हणजे आपली नाही, तिकडची, असं अजून ऐकायला मिळतं. मराठी कादंबरी सुरू झाली तीच जवळपास अद्भुतरम्य म्हणून, 'मुक्तामाला' १८६१, 'मंजुघोषा' १८६८. आणि नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, सांगितलाय विस्मय. मला रिव्ह्यू लिहिताना हा एक शब्द पुरतो. विस्मय कुठे वाटला, कुठे ओसरला, आणि लेखकाने तो परत आणला का? चिठ्ठीवर मी पान नंबरापुढे फक्त 'वि' लिहिते. हजार पानांत किती 'वि' आणि कुठून कुठवर एकही नाही, हे शेवटी समोर मांडलं की अर्धा रिव्ह्यू तिथेच तयार असतो.

दुसरं, नियम. आमच्या गावचा राखणदार आठवा, वेशीवरचा देवचार. त्याला रोट द्यायचा, सोरो (दारू) द्यायचा, विडी ठेवायची, काही ठिकाणी वहाणा ठेवतात कारण रात्रभर गावाभोवती फिरून त्याच्या झिजतात. त्याची हद्द ठरलेली, त्याला चालणारं न चालणारं ठरलेलं. दिलेला शब्द विसरलात तर काय होतं तेही सगळ्यांना माहीत. आता अशा गोष्टीत शेवटी देवचाराने चुकलेल्या पोराला घरी आणून सोडलं तर आपण मान डोलावतो, कारण तो हेच करतो हे आधीपासून माहीत होतं. पण त्याच देवचाराने अचानक पोराचं बँकेचं कर्ज फेडलं तर? तिथे कोणीही म्हणेल, हे काय मध्येच. मॅजिक सिस्टीम म्हणून लोक जे म्हणतात ते एवढंच. जादूने अडचण सुटत असेल तर त्या जादूची हद्द वाचकाला आधी कळलेली हवी. आणि जादू फक्त भीतीसाठी किंवा नवलासाठी असेल, तर तिचे नियम नाही सांगितले तरी चालतात, उलट न सांगितलेलेच बरे.

तिसरं, अद्भुत आत येतं कुठून. फराह मेंडलसन या ब्रिटिश अभ्यासकाच्या २००८ च्या पुस्तकात चार वाटा सांगितल्यात: आपल्या ओळखीच्या जगातून कोणीतरी दुसऱ्या जगात जातं, किंवा सगळे आधीपासून त्या जगातच राहतात आणि त्यांना त्यात नवल नाही, किंवा अद्भुत आपल्या जगात घुसतं, किंवा ते खरंच आहे का नाही तेच नक्की होत नाही. हे पांडित्यासाठी सांगत नाही. पहिल्या प्रकारात माहिती सांगायला माणूस असतो, म्हणून सोपं जातं. दुसऱ्यात कोणी समजावत नाही, आपणच ओढत पुढे जायचं. "काहीच कळत नाही" अशी तक्रार करण्याआधी बघा, पुस्तक दुसऱ्या प्रकारचं आहे का.

आता लिहायला बसा

संपल्या संपल्या नाही. तीन-चार दिवस जाऊ द्या, पण पंधरा नाही. आणि अर्ध्यावर असताना जाहीर काही बोलू नका, हे मी स्वतःचं नाक कापून शिकलेय. एका पुस्तकात एका सरदाराचा उजवा हात लढाईत तुटतो आणि नंतर तो उजव्या हाताने सही करतो. मी पान ३०० च्या आसपास होते, लगेच ग्रुपवर लिहिलं, "संपादक झोपला होता का?" चांगले वीसेक हसण्याचे इमोजी आले. पान ६१२ ला कळलं, तो सरदार नव्हताच, तोतया होता. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट ऐकत वाढलेल्या बाईला हे सुचू नये!

सगळ्यात वर तीन गोष्टी टाका: मला किती तास लागले, कुठल्या पानापासून पुस्तक पकड घेतं, आणि कोणी वाचू नये. स्टार द्यायचे तर द्या, पण हजार पानांना साडेतीन स्टार म्हणजे नक्की काय, मला आजवर कळलेलं नाही. कथा सांगायची तर पहिल्या दहा टक्क्यांत जेवढं घडतं तेवढीच. त्यापुढचं स्पॉयलर समजा, तुम्हाला कितीही किरकोळ वाटलं तरी.

आणि वाक्यं अशी लिहा की दुसऱ्या पुस्तकाला लागू पडणार नाहीत. हे बघा: "लेखिकेने उभं केलेलं विश्व अप्रतिम आहे, पात्रं जिवंत वाटतात, शेवट थोडा घाईत गुंडाळलाय." हे कुठल्याही पुस्तकाखाली चिकटवा, चिकटतं. आता एक मनानेच रचलेलं पुस्तक घेऊ, उदाहरणापुरतं, आणि त्यावर असं लिहू:

"या राज्यात पाऊस विकत घ्यावा लागतो. हा कायदा कोणी समजावत बसत नाही. एक म्हातारी घरातलं तांब्याचं भांडं गहाण टाकते आणि शेजारीण धावत जाऊन आपले पापड आत घेते, एवढ्यावर कळतं. चारशे पानं मी या नियमावर विश्वास ठेवून वाचली. पान ७०० नंतर राजकन्येवर फुकट पाऊस पडतो, का ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, आणि पुढचं मी फक्त संपवायचं म्हणून संपवलं."

स्तुती आणि तक्रार दोन्ही आहेत, पण दोन्हींना पान आहे, वस्तू आहे. त्या शेजारणीच्या पापडांवरूनच वाचणाऱ्याला कळतं की हे पुस्तक आपल्याला आवडेल का नाही. संथ भागाबद्दल लिहिताना नुसतं "संथ आहे" म्हणू नका, त्या संथपणाचं पुढे काही मिळालं का ते लिहा. दोनशे पानं शेतीची वर्णनं आणि मग दुष्काळ आला तर ती पानं फुकट गेली नाहीत. दोनशे पानं मेजवान्या आणि पुढे काहीच नाही, तर गेली.

लांबी म्हणाल तर सहाशे-सातशे शब्द पुरे. रिव्ह्यूच वाचायला मुक्काम टाकावे लागले तर अवघड आहे.

चिठ्ठी मात्र फेकू नका, सिरीजचा पुढचा भाग आला की तीच उजळणी. मी ती पुस्तकातच ठेवते. परवा लायब्ररीतून आणलेल्या एका जाड पुस्तकात आधीच्या कोणाची तरी बसची तिकिटं निघाली, दोन, आणि एकाच्या मागे बॉलपेनने लिहिलेलं: "२१० पर्यंत कळ काढा." मी आत्ता १६४ वर आहे.